काळोखातलं नाटक

आपण नाटक 'पाहायला' जातो असंच म्हणतो. आज मला ऐकायच्या नाटकाबद्दल बोलायचं आहे. त्याला कुणी नभोनाट्य म्हणतं, कुणी श्रुतिका. त्यातही पंधरा-वीस मिनिटांच्या, आजच्या माणसांच्या छोट्या नाटकाबद्दल.

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीनं लंडनहून रिचर्ड ह्यूज या तेवीस वर्षांच्या लेखकाची 'डेंजर' ही छोटी नाटिका प्रसारित केली. खास रेडिओसाठी लिहिलेलं हे पहिलं नाटक मानलं जातं. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, ही मोठी अडचण. ह्यूजनं काय केलं? वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत तो काही पाहुण्यांना घेऊन गेला आणि सुरुवातीलाच तिथले दिवे घालवले. म्हणजे श्रोत्याला दिसत नाही, तसं पात्रांनाही दिसत नाही. दोघंही एकाच काळोखात. श्रोत्यांनीही घरातले दिवे मालवून ऐकावं, असं तेव्हा सुचवलं गेलं होतं. अडचणीलाच कथानक करून टाकण्याची ही युक्ती मला अजून थक्क करते.

आपल्याकडे तर रेडिओ येण्याआधीच त्याची तयारी झालेली होती. दिवाकरांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. बोलणारा एकच, पण त्याच्या बोलण्याच्या फटींतून समोरच्याचं उत्तर आपल्याला कळतं. शाळेच्या स्पर्धेत आपण ती हातवारे करून म्हटली, म्हणून ती रंगमंचाची वाटते. मला विचाराल तर ती जन्मतःच मायक्रोफोनची आहे.

मायक्रोफोन ही वस्तू मात्र मोठी चहाडखोर. नट त्याच्यापासून वीतभर अंतरावर हळू बोलला, तर तो श्रोत्याच्या मनातलं बोलतो. चार पावलं मागं सरून तेच वाक्य म्हटलं, की तो दुसऱ्या खोलीत गेला. तोंड फिरवलं की निघाला. रंगभूमीवरचं नेपथ्य इथं असं पावलांनी उभं राहतं. पात्रं तीन-चार, आणि प्रत्येकाच्या आवाजाची पट्टी वेगळी हवी. नाही तर सासू कोण आणि सून कोण, याचा घोळ होतो. मुका नोकर रंगमंचावर तासभर उभा राहू शकतो, इथं जो बोलत नाही तो अर्ध्या मिनिटात नाहीसा होतो. आवाजांचंही तसंच. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या पुरतात. १९५७ साली बीबीसीनं सॅम्युएल बेकेटचं 'ऑल दॅट फॉल' केलं, तेव्हा गाई-मेंढरांचे आवाज माणसांनीच काढले होते. पुढं ते नाटक रंगमंचावर आणायला बेकेट तयार नव्हता. ते आवाजांसाठी आहे, शरीरांसाठी नाही, असा त्याचा आग्रह.

आमच्या पिढीचे कान विविध भारतीच्या 'हवा महल'नं आणि मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'नं घडवले. टेकाडे भावजी कसे दिसतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला ते दिसतच होते. २०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहं बंद पडली, तेव्हा कितीतरी नाट्यवेड्यांनी घरातल्या कपाटात तोंड घालून, अंगावर रजई ओढून मोबाइलवर एकांकिका मुद्रित केल्या. आता मुलं बसमध्ये, कानात बोंडं घालून नाटक ऐकतात. चांगलंच आहे.

पण एक गोष्ट मनात सलते. रंगमंचावर माणूस चेहऱ्यानं, चालीनं, कपड्यांनी उभा राहतो. ऐकायच्या नाटकात तो फक्त बोलीनं उभा राहतो. वेळ थोडा म्हणून लेखक घाई करतो आणि ठरलेली बोली चिकटवतो. मोलकरीण आली की 'बाई, म्या काय म्हनते', आणि मुसलमान आला की 'हम क्या बोलता, तुम को मालूम नै'. दहा सेकंदांत पात्राची ओळख पटते खरी, पण ती माणसाची नसते, साच्याची असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या नाटिकेत मला फळविक्या बागवानाची भूमिका मिळाली होती. मी आमच्या गल्लीतले बागवान बोलतात तसं वाचलं. पहाटे मार्केट यार्डात लिलाव बोलणारं, दणकट, घाटावरचं मराठी. मध्येच एखादा दखनी शब्द. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, "चाचा, मराठी फारच चांगलं येतंय तुमचं. जरा मुसलमानी बोला ना." तो मनानं वाईट नव्हता. श्रोत्याला लगेच कळायला हवं, एवढीच त्याची काळजी. मी म्हटलं, "बागवानाचं नाव पहिल्याच वाक्यात येतंय, तेवढं पुरणार नाही का?" तो घड्याळाकडं बघत होता. मुद्रणाची वेळ संपत आली होती. मी त्याला हवं तसं बोलून दिलं.

नाटिका लागली त्या दिवशी आम्ही सगळे ऐकायला बसलो. आपा पानाला चुना लावत होत्या. शेवटी माझं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "तू होतास होय? मला वाटलं, कुणी परगावचा आहे."