विश्लेषण : इंटरनेटविना चालणारा ‘शाळेतला सर्व्हर’ काय असतो?

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोकाचे गाव. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानक आणि जवळचा पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा ही त्याची ओळख. अशा आडवळणाच्या गावातील शाळेला वीस संगणक मिळाले, तरी खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्यांवर शैक्षणिक सॉफ्टवेअर बसवायचे कोणी आणि ते बिघडले तर पुन्हा सुरू करायचे कोणी? शाळेतच चालणारा छोटा, हलका वेब सर्व्हर हे त्यावरचे एक उत्तर आहे.

सर्व्हर म्हणजे नेमके काय?

सर्व्हर म्हटले की वातानुकूलित खोलीतील यंत्रांच्या रांगा आठवतात. प्रत्यक्षात सर्व्हर हा एक प्रोग्राम असतो. ब्राउझरने पान मागितले की ते शोधून द्यायचे, एवढेच त्याचे मूळ काम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये ‘सर्न’ या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो मेजावरच्या एका संगणकावर. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा आशयाची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. आजही कोणताही साधा संगणक सर्व्हर होऊ शकतो. त्याच यंत्रापुरता वापर असेल तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे १२७.०.०.१ हा पत्ता चालतो. वर्गातील इतर यंत्रांनाही पाने हवी असतील तर सगळी एका राउटरला जोडायची. त्या राउटरला इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही.

मग अडचण कुठे येते?

अडचण येते ती बसवताना. वेबवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या सॉफ्टवेअरना तीन गोष्टी वेगवेगळ्या लागतात : ‘अपाची’सारखा सर्व्हर, ‘मायएसक्यूएल’सारखा डेटाबेस आणि ‘पीएचपी’सारखी भाषा. तिन्हींच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक दिलेले दार. नेहमीचे ८० क्रमांकाचे दार दुसऱ्याच प्रोग्रामने अडवलेले असेल, तर सर्व्हर सुरूच होत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र देणारे ‘झॅम्प’ हे पॅकेज २००२ पासून विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. पण ते मुख्यतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या सरावासाठी. शिक्षकाला ते बसवायला सांगितले, तर सेटिंगच्या फायलींपाशी गाडी अडते आणि जाणकार माणसाची वाट पाहावी लागते.

‘हलका’ सर्व्हर वेगळे काय करतो?

तो ही सारी जुळवाजुळव सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याकडे सोपवतो. सर्व्हर सॉफ्टवेअरच्या आतच बांधलेला असतो, त्यामुळे वापरणाऱ्याला एकच फाइल चालवावी लागते. डेटाबेससाठी ‘एसक्यूलाइट’ वापरता येते. २००० मध्ये आलेल्या या प्रणालीला वेगळा सर्व्हर लागत नाही. सारा डेटा एका फाइलमध्ये राहतो. दारही ८० ऐवजी ८०८० असे निवडतात. लिनक्समध्ये १०२४ च्या खालच्या दारांसाठी सहसा विशेष अधिकार लागतात, वरच्यांसाठी लागत नाहीत. पायथन भाषेत तर एका ओळीच्या आज्ञेने फोल्डरमधील फायली ८००० क्रमांकाच्या दारातून वर्गभर दाखवता येतात. पीएचपीतही २०१२ पासून असा अंगभूत सर्व्हर आहे. मात्र ही दोन्ही साधने चाचणीपुरतीच वापरावीत, असे त्यांचे निर्मातेच सांगतात. वीस मुलांनी एकाच वेळी व्हिडीओ उघडला, तर तो भार पेलेल असा सर्व्हर रोजच्या कामाला हवा.

असे प्रयोग झाले आहेत का?

खान अकादमीचे धडे इंटरनेटविना दाखवणारे ‘केए लाइट’ हे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील विद्यार्थ्यांनी ते सुरू केले होते. त्याच गटाने पुढे ‘कोलिब्री’ तयार केले. ते एकाच इन्स्टॉलरने बसते, मराठीतही वापरता येते आणि मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचे मराठी साहित्यही त्यावर घेता येते. ‘किविक्स’मुळे विकिपीडिया पेनड्राइव्हवरून वाचता येतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट आणि अमेरिकेतील एमआयटीच्या साथीने ‘क्लिक्स’ हा उपक्रम राबवला. त्यात छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि इस्लापूरच्या शेजारचे तेलंगणा या राज्यांतील सरकारी शाळांच्या संगणक कक्षांत शाळेचाच सर्व्हर ठेवण्यात आला. त्याचे व्यासपीठ मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील प्रयोगशाळेत विकसित झाले होते. या उपक्रमाला २०१७ चा युनेस्को पुरस्कार मिळाला.

फायदा किती?

हिशेब सोपा आहे. १०० एमबीचा एक धडा वीस संगणकांनी वेगवेगळा उतरवला, तर सुमारे २ जीबी डेटा खर्च होतो. सर्व्हरवर तो एकदाच आणला की पुढचे सारे वाटप शाळेच्या भिंतींच्या आत. नांदेडहून पेनड्राइव्हवर आणला तर तेवढाही डेटा लागत नाही. दुसरा फायदा दुरुस्तीचा. नवी आवृत्ती वीस ठिकाणी बसवण्याऐवजी एकाच ठिकाणी बसवायची; बाकीच्या यंत्रांना फक्त ब्राउझर पुरतो. त्यामुळे जुने संगणकही कामाला येतात.

धोके कोणते?

पहिला धोका उघड्या दाराचा. सर्व्हर सर्व पत्त्यांवर उत्तर देत असेल, तर त्या वायफायवरचा कोणताही फोन आत डोकावू शकतो. त्यामुळे वायफाय आणि व्यवस्थापक या दोहोंचे पासवर्ड बदलणे ही पहिल्याच दिवसाची कामे. मुलांची नावे आणि गुण त्यात असतील तर अधिकच. दुसरा धोका विजेचा. नोंद लिहिली जात असताना वीज गेली आणि डिस्क किंवा मेमरी कार्ड बिघडले, तर वर्षभराच्या नोंदी जाऊ शकतात. म्हणून सर्व्हरला बॅटरीचा आधार हवा आणि दर आठवड्याला डेटाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यायला हवी. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती घड्याळाची. ‘रास्पबेरी पाय’सारख्या स्वस्त, छोट्या संगणकांच्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट नसेल तर वीज गेल्यावर तारीख मागे पडते आणि मुलांच्या नोंदी चुकीच्या दिवशी पडतात.

निवड कशी करावी?

यंत्र किती वेगवान, हा पहिला प्रश्न नाही. बसवून देणारा माणूस निघून गेल्यावर, बदलून आलेल्या नव्या शिक्षकाला ते पुन्हा सुरू करता येईल का, हा आहे. त्याची कसोटी घेणे सोपे आहे. मूळ इन्स्टॉलर आणि धड्यांची प्रत असलेला पेनड्राइव्ह आणि मराठीतील एक पानभर सूचना शिक्षकाच्या हाती द्यायच्या, नेट बंद करायचे आणि कोऱ्या संगणकावर सर्व्हर उभा करायला सांगायचा. तासाभरात वर्गातील शेवटच्या संगणकावर धडा उघडला तर ते सॉफ्टवेअर शाळेत टिकेल. नाही उघडला, तर पहिल्या बिघाडानंतर संगणक कक्षाला कुलूप लागण्याचीच शक्यता अधिक.