बहिणीचं विमान आणि आंब्याची पेटी

माटुंग्याला आमच्या मंडळात जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायचा वर्ग चालतो. मे महिन्यात मी नेहमीसारखी प्लॅस्टिक, प्रदूषण, कार्बन असं बरंच काही सांगत होते. मशीनवर बसलेल्या एका काकूंनी मान वर न करताच विचारलं, ‘‘ताई, तुमची बहीण दरवर्षी अमेरिकेहून विमानानं येते ना? त्याचं कसं मोजायचं?’’

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण प्रश्न घरापर्यंत आला. रात्री वही घेऊन बसले. न्यूयॉर्कहून मुंबईला येऊन परत जायचं, तर एका प्रवाशाच्या नावावर टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड पडतो. भारतातल्या सरासरी माणसाचा वर्षभराचा सगळा मिळून साधारण दोन टन! माझ्या पिशव्या त्यापुढे किती पुरणार?

मग आंबा आठवला. अमेरिकेनं आपल्या आंब्याला २००७ मध्ये पुन्हा दार उघडलं. लासलगावला विकिरण करून पेट्या विमानानं जाऊ लागल्या. बहीण तिथे महागाची पेटी घेते आणि मला फोटो पाठवते. आता मला वाटायचं, लांबून आलं की वाईट. तसं नाही बरं का! तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला विमान जहाजाच्या साधारण पन्नासपट कार्बन सोडतं. आमच्या बाजारातली न्यूझीलंडची किवी जहाजानं निवांत येते, म्हणून ती त्या आंब्यापेक्षा सोज्वळ. खरी महाग पडते ती घाई. अर्थात जहाजांचाही धूर थोडाथोडका नाही. जगाचा बहुतेक व्यापार समुद्रावरूनच चालतो, त्यामुळे जगभरच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा सुमारे तीन टक्के आहे, आणि माल वाढेल तसा तोही वाढणार.

जून २०२२ मध्ये केशर आंबे न्हावाशेव्याहून जहाजानं अमेरिकेला पाठवून पाहिले. पंचवीसेक दिवस लागले. म्हणजे आंब्याला थांबवता येतं.

आईला कसं थांबवायचं? ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बहिणीला म्हणाले, दोन वर्षांतून एकदा ये, पण दोन महिने राहा. ती म्हणाली, ‘‘अगं, एवढी रजा कोण देणार?’’ आईनं शेजारच्या खोलीतून सगळं ऐकलं असावं. सकाळी पाहिलं, तर तिनं कॅलेंडरवर डिसेंबरातल्या एका तारखेभोवती गोल केला होता.