हडपसरच्या मातीतले दोन शेअर

इतिहासाच्या पुस्तकात हडपसरचं नाव येतं ते एका भांडणापायी. 25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळीचा दिवस. एका बाजूला यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि पेशव्यांची एकत्र फौज. हडपसरच्या माळावर तुंबळ लढाई झाली आणि होळकर जिंकले. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला, शेवटी वसईला पोहोचला आणि 31 डिसेंबरला त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. आज राजकारण्यांची जुंपली की कंपन्या राज्य सोडून जातात, अशी ओरड असते. हडपसरच्या त्या भांडणाने कंपनीला थेट घरात आणून बसवलं आणि मग ती हलता हलली नाही.

त्या माळाचा आज मागमूस नाही. पुण्याहून पूर्वेला निघालं की भैरोबा नाला, फातिमानगर, रामटेकडी, वैदूवाडी करत वाहनांची रांग गाडीतळावर येऊन तुंबते. इथे रस्ता फुटतो. डावीकडचा सोलापूरकडे जातो, उजवीकडचा फुरसुंगीवरून दिवे घाट चढून सासवडला. आषाढी वारीत दोन्ही पालख्या इथपर्यंत सोबत येतात. पुढे ज्ञानोबांची पालखी सासवडची वाट धरते आणि तुकोबांची लोणी काळभोरची. बाकीचे अकरा महिने गाडीतळावर पीएमपीच्या गाड्या, शेअर रिक्षा, आयटी कंपन्यांच्या बस आणि भाजीचे टेम्पो यांची एकमेकांना ओलांडायची धडपड चाललेली असते. हडपसरच्या माणसाला अंतर विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही. ‘गाडीतळ ओलांडलं की वीस मिनिटं’ असं सांगतो आणि गाडीतळ ओलांडायला किती वेळ लागेल याबद्दल मौन पाळतो.

हा सगळा पट्टा मुठेच्या कालव्याचा. खडकवासल्याचं पाणी इथे आलं आणि ऊस, भाजीपाला, फुलं पिकू लागली. मग कारखानदारी आली. किर्लोस्कर न्यूमॅटिकचा कारखाना, इंडस्ट्रियल इस्टेटमधली छोटी वर्कशॉप, शेजारी मुंढव्यात भारत फोर्ज. 1966 मध्ये सायरस पूनावालांनी घोड्यांच्या फार्मच्या जोडीला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली, तीही इथेच. ऊस आणि लस एकाच पिनकोडच्या आसपास तयार होणारं गाव दुसरं सांगता येणार नाही.

या पट्ट्यातल्या जुन्या बागायतदाराला दोन प्रकारचे शेअर ठाऊक आहेत. एक मगरपट्टा सिटीच्या कंपनीचा. दुसरा थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याचा. माती एक, पाणी एक, पुष्कळदा आडनावंही तीच. पण एका कागदावर पोरं शिकली, बंगले झाले. दुसरा कागद ट्रंकेत पडून पिवळा झाला.

मगरपट्ट्याची गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे, तरी तिच्यातला एक भाग बहुतेक सांगणारे घाईत उरकतात. ऐंशीच्या दशकात महापालिकेच्या विकास आराखड्यात ही शेतजमीन भावी शहरीकरणाच्या पट्ट्यात आली. म्हणजे आज ना उद्या बिल्डर येणार किंवा सरकार जमीन घेणार, हे उघड झालं. अशा वेळी गावात काय होतं ते सांगायला नको. एक भाऊ इसार घेतो, दुसरा कोर्टात जातो, तिसरा पुढाऱ्याकडे. इथे सतीश मगर यांनी सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबं आणि चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र आणली. जमीन विकायची नाही, कंपनी काढायची आणि ज्याची जेवढी जमीन, त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. 2000 च्या सुमारास बांधकाम उभं राहू लागलं. काही वर्षांत सायबरसिटीत ॲक्सेंचर, कॅपजेमिनी, ॲमडॉक्स अशा पाट्या लागल्या. शेतकऱ्यांच्या घरातल्यांनी वीटभट्टीपासून इलेक्ट्रिकच्या कामापर्यंतचे ठेके घेतले.

सगळे इमारतींचं कौतुक करतात. मला अवघड वाटतं ते त्याआधीचं काम. सव्वाशे घरांची भावकी, प्रत्येक घरात बांधाचा एखादा तंटा, प्रत्येक पक्षाची माणसं, आणि तरी सात-आठ वर्षं परवानग्यांची वाट बघत एकही फुटू द्यायचा नाही. परदेशी कंपनीने जागा भाड्याने घेताना हवामान पाहिलं असेल, विमानतळ पाहिला असेल. पण सातबारा निर्वेध आहे का, उद्या गेटवर कुणी झेंडा घेऊन उभं राहणार नाही ना, हे तिच्या वकिलाने नक्की पाहिलं असणार. मगरपट्ट्यात त्याला बोलायला एकच घर होतं.

तिथून पूर्वेला निघालं की शेवाळवाडी, मांजरी, मग लोणी काळभोर आणि थेऊर. थेऊरला अष्टविनायकांपैकी चिंतामणी आहे. थोरल्या माधवरावांनी याच गावात 1772 मध्ये शेवटचा श्वास घेतला. आणि याच गावात यशवंत कारखाना आहे. तो उभा केला हडपसरच्या अण्णासाहेब मगरांनी. हडपसरचं कॉलेज, मांजरीचा उपबाजार, पिंपरीतलं स्टेडियम, अशा कितीतरी ठिकाणी त्यांचं नाव आहे. हवेलीच्या ऊसवाल्याला त्यांनी दिलेली सर्वांत मोठी वस्तू मात्र हा कारखाना होता. सभासद वीस हजारांच्या आसपास.

2011 मध्ये त्याचं धुराडं थंड झालं. कर्ज डोक्यावर, संचालक मंडळ बरखास्त, मालमत्तेवर बँकेचा बोजा, कामगारांचे पगार थकलेले. कारणं विचारली तर प्रत्येक गट दुसऱ्या गटाच्या काळातली सांगतो. यात नवल एवढंच की वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, म्हणजे ज्या संस्थेत देशभरातले साखरवाले शिकायला येतात, ती थेऊरच्या वाटेवर मांजरीतच आहे. ज्ञान हाकेच्या अंतरावर होतं. ऊस होता, पाणी होतं, पुण्यासारखी बाजारपेठ दारात होती. नव्हतं ते एकमत.

बंद कारखान्याला पैसे घालणारा मिळतच नाही असं नाही. राज्यात कितीतरी आजारी सहकारी कारखाने भाडेतत्त्वावर किंवा विक्रीने खासगी हातात गेले आणि तिथे पुन्हा मोळ्या पडल्या. शेजारच्या दौंडमध्ये पाटसचा भीमा कारखाना 2022 मध्ये निराणी समूहाकडे चालवायला गेला. थेऊरला मात्र निवडणूकच तेरा वर्षं झाली नाही. पैसे घालणाऱ्याने बोलायचं कुणाशी? प्रशासकाशी, बँकेशी, की आज विरोधात आणि उद्या सत्तेत येणाऱ्या गटाशी? मधल्या काळात हवेलीचा ऊस दौंड तालुक्यातल्या खासगी कारखान्यांकडे आणि राहू-केडगावच्या गुऱ्हाळांकडे गेला. गुऱ्हाळवाला रोख देतो म्हणून शेतकरी खूश, पण घासाघीस करायची ताकद गेली. हक्काचा कारखाना असताना तोडीची चिठ्ठी मिळवायला ओळख लागायची. कारखाना बंद झाल्यावर ओळखही कामाची उरली नाही.

हवेलीतलं भांडण मिटत का नाही, याचं एक साधं कारण मतदारसंघांच्या नकाशात आहे. हा एक तालुका अर्धा डझन आमदारांमध्ये वाटला गेलाय. हडपसरचा आमदार वेगळा. थेऊर-लोणी शिरूरच्या आमदाराकडे. फुरसुंगी-उरुळी देवाची पुरंदरला जोडलेली. कारखाना थेऊरचा, सभासद साऱ्या तालुक्यातले. त्यामुळे कारखाना बुडाला म्हणून कुणा एकाची आमदारकी बुडत नाही. बारामतीत, संगमनेरला, वारणेला कारखाना आणि मतदारसंघ एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून तिथे भांडण असलं तरी धुराडं चालू ठेवणं नेत्याची गरज असते. हवेलीत ती गरज कुणालाच नव्हती.

तीच तऱ्हा सासवड रस्त्यावर. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीवर ऐंशीच्या दशकापासून पुण्याचा कचरा पडत आला. गावाने विहिरींचं पाणी नासताना पाहिलं, उन्हाळ्यात डेपो पेटताना पाहिला. एप्रिल 2017 मध्ये आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या त्या तीन आठवड्यांहून जास्त. पुण्यात चौकाचौकात ढीग साचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावं पालिकेत घेतली गेली. रस्ता, पाणी, ड्रेनेज आणि नगररचना योजना अशी सगळी आश्वासनं सोबत आली. आली तीही कागदावरच आधी, आणि कर मात्र प्रत्यक्षात.

या भागात गोडाऊनचा धंदा मोठा आहे. सासवड रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची लांबलचक शेडं, आत टाइल्स, कापड, एफएमसीजीचा माल. शेती सोडलेल्या घरांचा महिन्याचा चरितार्थ त्या भाड्यावर. त्यांना पालिकेच्या मिळकतकराच्या बिलांनी घाम फोडला. माजी मंत्री विजय शिवतारे यांनी हा विषय उचलला आणि डिसेंबर 2022 मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दोन्ही गावं पालिकेतून वगळून वेगळी नगर परिषद करण्याचं जाहीर केलं. पुरंदरचे त्या वेळचे आमदार काँग्रेसचे संजय जगताप होते, शिवतारे त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी, आणि पुणे पालिकेत तर मार्चपासून नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. कुणी नीट वाद घालायलाही उरलं नव्हतं. गावातही दोन तट पडले, कोणी पालिका हवी म्हणे, कोणी नगर परिषद.

करवाल्यांचा राग खरा होता, हे कबूल. पण पाच वर्षांत आत आणि बाहेर केलेल्या गावात नकाशा कोण मंजूर करणार? नगररचना योजनेचा रस्ता कोण करणार? पाण्याची लाइन कुणाची? मोठं वेअरहाऊस बांधायला निघालेली कंपनी असल्या ठिकाणी थांबत नाही. ती वाघोलीकडे जाते, चाकणला जाते. कुठे पत्रकार परिषद होत नाही, कुणी निषेध करत नाही. जे आलंच नाही त्याचा पंचनामा करणार कसा?

पंचनामा होतो तो मोठ्या नावांचा. सप्टेंबर 2022 मध्ये तळेगावसाठी बोलणी चाललेला वेदांता-फॉक्सकॉनचा 1 लाख 54 हजार कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला आणि आजी-माजी सरकारांनी एकमेकांची उणीदुणी काढली. पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं आणि तो कारखाना गुजरातलाही झाला नाही. 2022 च्याच ऑक्टोबरात टाटा-एअरबसचं विमान नागपूरऐवजी वडोदऱ्याला उतरलं. तो कारखाना मात्र खरोखरच उभा राहिला.

हडपसरलाही असा प्रसंग आला होता. 2021 च्या एप्रिलात करोनाच्या लशींच्या साठ्यावरून मुंबई आणि दिल्ली एकमेकांवर तुटून पडली होती आणि ज्या लशीसाठी भांडण, ती बनत होती मांजरी-हडपसरला. अदर पूनावालांना केंद्राने वाय दर्जाची सुरक्षा दिली. ते लंडनला गेले, बड्या लोकांचे दबावाचे फोन येतात असं तिथल्या वृत्तपत्राला सांगितलं, भारताबाहेर उत्पादन करण्याचंही बोलले. मे महिन्यात ब्रिटिश सरकारने सीरमची 24 कोटी पौंडांची गुंतवणूक जाहीर केली. इकडे त्याचंही राजकारण झालं. पण सीरम हलली नाही. तिचे टँक, शीतगृहं, तीन पिढ्यांचे कामगार इथेच होते. इतकं खोल रुजलेलं झाड एका वादळात उपटत नाही. धोका असतो तो नुकत्याच लावलेल्या रोपाला, आणि न लावलेल्याला.

थेऊरला मार्च 2024 मध्ये अखेर निवडणूक झाली. नवं संचालक मंडळ आलं आणि पहिला मोठा निर्णय आला तो जमीन विकण्याचा. सुमारे शंभर एकर, पुणे बाजार समितीला, 299 कोटींना. त्या पैशातून बँकेची देणी भागवायची, कामगारांचे थकलेले पैसे द्यायचे आणि उरलेल्यात कारखाना सुरू करायचा, असा हिशेब. विरोधकांचं म्हणणं, पुण्याला खेटून असलेली जमीन या भावाने जाते म्हणजे काय, आणि जमीन गेल्यावर कारखाना कशाच्या जोरावर चालणार? बाजार समितीतही तालुक्यातलीच माणसं, तिथलीही निवडणूक वीस वर्षं रखडून 2023 मध्ये झालेली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये खराडी-हडपसर-खडकवासला मेट्रोला मंजुरी दिली आहे. सासवड रस्त्याने गेलं की पलीकडे पुरंदरच्या विमानतळाची जमीन 2025 मध्ये मोजली गेली. त्या विमानतळाची जागाही 2016 पासून सरकार बदलेल तशी बदलत आणि परत येत राहिली. हडपसरपासून थेऊरपर्यंतच्या गुंठ्याला भाव चढतोच आहे. कारखान्याचा शेअर असलेल्या म्हाताऱ्यांच्या नातवंडांपैकी पुष्कळ जण आता रोज सकाळी मगरपट्ट्याच्या गेटमधून कामाला आत जातात. बाजार समितीकडून पैसे आले तर आजोबांच्या शेअरला वाटणी मिळणार की नुसती पाच किलो साखर, हे त्यांना कुणी अजून सांगितलेलं नाही.