स्टॅटिक नॅट म्हणजे कुलूप नव्हे

सोयाबीनच्या हंगामात शेलूबाजारचा एखादा अडत्या दिवसभर बाहेर असतो, आणि काट्यावरचे, गोडाऊनवरचे कॅमेरे त्याला मोबाइलवर हवे असतात. त्यासाठी तो जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतो आणि समजतो, नॅटचं काम झालं. तसं नसतं. पत्ता इंटरनेट कंपनी देते. नॅट आपल्या फायरवॉलवर आपणच लिहायचं. बाहेरचा २०३.०.११३.१० (हा नमुन्याचा) आणि आतला, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा, १९२.१६८.१.५० अशी कायमची जोडी, येताना आणि जाताना तीच. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसत असेल, तर खरा पत्ता कंपनीकडेच आहे, अनेक ग्राहकांत मिळून एक. मग तुमची जोडी कितीही बिनचूक असो, बाहेरचं कोणी तुमच्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात महागात पडतो तो दुसरा समज: ‘नॅट आहे, म्हणजे आपण सुरक्षित.’ नॅट सुरक्षेसाठी जन्मलंच नाही. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात, ते अपुरे पडणार हे दिसू लागलं म्हणून १९९४ साली आरएफसी १६३१ मध्ये ते मांडलं गेलं. नॅट फक्त पत्ता बदलतं. कोणाला आत घ्यायचं, हे फायरवॉलचा नियम ठरवतो. काम लवकर उरकावं म्हणून त्या नियमात ‘एनी’ लिहिलं, की रेकॉर्डरचे सगळे पोर्ट जगाला उघडे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंनी ताब्यात घेतले. टेलनेटच्या पोर्टवर जायचं आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड लावून पाहायचे, एवढंच ते करत होतं. म्हणून माझं स्पष्ट मत: रेकॉर्डरला स्टॅटिक नॅट देऊच नका, व्हीपीएनमधून पाहा. द्यावंच लागलं तर लागेल तेवढाच पोर्ट उघडा आणि पासवर्ड आधी बदला.

फायरवॉलच्या या नियमात पत्ता कुठला लिहायचा, बाहेरचा की आतला, यावरही तंत्रज्ञांचे तास जातात. सगळीकडे एकच रीत नाही. सिस्को एएसएमध्ये ८.३ आवृत्तीपूर्वी बाहेरचा लिहीत, तेव्हापासून आतला. लिनक्समध्येही आतलाच, कारण पत्ता आधी बदलतो आणि गाळणी नंतर लागते. पालो अल्टोमध्ये मात्र पत्ता बाहेरचा, पण झोन आतला.

आणि दुकानातल्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता उघडला नाही म्हणून लगेच सेटिंग मोडू नका. आतून बाहेर जाऊन परत आत वळायला बऱ्याच फायरवॉलवर वेगळा नियम लागतो. मोबाइलचा वायफाय बंद करून डेटावरून पाहा. तरीही उघडलं नाही, तर नॅट नियम किती वेळा लागला हे दाखवणारा त्याच्यासमोरचा आकडा वाढतो का ते बघा. तो हललाच नाही, तर पॅकेट बहुधा तुमच्या फायरवॉलपर्यंत आलेलंच नाही. आता फोन इंटरनेट कंपनीला करायचा.