काचपट्टी पडद्यावर येते तेव्हा

गाठीचा तुकडा कर्करोगाचा आहे की नाही, हे बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरच ठरते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर आजही अनेकदा ती पट्टी कुरिअरने जाते आणि रुग्ण जीव मुठीत धरून बसतो. स्कॅनरने तिची प्रतिमा घेतली तर हे दिवस वाचतात. पण फाइल अवाढव्य होते. 15 मिलिमीटर लांब-रुंद ऊतक, एका पिक्सेलला 0.25 मायक्रोमीटर, म्हणजे 3.6 अब्ज पिक्सेल. न दाबता साठवले तर सुमारे 11 जीबी!

म्हणून तीच प्रतिमा कमी-जास्त बारकाव्यांच्या थरांत ठेवतात आणि प्रत्येक थराचे छोटे चौकोन पाडतात. मोबाइलवरच्या नकाशासारखे, डॉक्टर जिथे पाहतात तेवढेच चौकोन उतरतात. त्याला साधा ब्राउझरही पुरतो.

खरी अडचण वेगळीच आहे: स्कॅनर कंपन्यांची फाइलस्वरूपे निरनिराळी. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेले मुक्त सॉफ्टवेअर ‘ओपनस्लाइड’ त्यातली बरीच वाचते. शिवाय एक्स-रे, सीटी स्कॅनसाठी रुळलेल्या ‘डायकॉम’ मानकात 2010 पासून अशा काचपट्ट्यांनाही जागा आहे. रुग्णालयांनी स्कॅनर विकत घेताना डायकॉमचा आग्रह धरायलाच हवा.