पिळाची दिशा : पंढरपुरी गोठ्यातले अखेरचे वर्ष

पशुवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमातील चिकित्सेचा अखेरचा टप्पा, म्हणजे शेवटच्या वर्षातील दवाखान्याचे पाठ आणि त्यानंतरची वर्षभराची आंतरवासिता, आधीच्या सर्व वर्षांपेक्षा एका बाबतीत वेगळा असतो : तोवर विद्यार्थी डोळ्यांनी शिकलेला असतो, आता त्याला हाताने शिकावे लागते, आणि तेही बहुतेक वेळा जिथे डोळा पोहोचतच नाही अशा जागी. आंतरवासिता म्हणजे नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली दवाखाने, पशुपैदास प्रक्षेत्रे, प्रयोगशाळा आणि ग्रामीण चिकित्सालये यांत आळीपाळीने करावयाची सक्तीची उमेदवारी. पंढरपुरात पशुवैद्यक महाविद्यालय नाही. तरीही या उमेदवारीचा विचार करण्यासाठी इतकी योग्य जागा क्वचितच सापडेल, कारण या गावाने म्हशीच्या एका जातीला आपले नाव दिले आहे, आसपासचा भीमाकाठ आणि माणदेश हे खिल्लार बैलाचे माहेर आहे, आणि येथील चार मोठ्या यात्रांपैकी कार्तिकीला माणसांबरोबर जनावरांचाही मेळा जमतो.

या शिक्षणाचा इतिहास थोडक्यात असा. मुंबईत परळ येथे 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर नागपूर (1958), परभणी (1972), उदगीर (1987) आणि शिरवळ (1988) येथे महाविद्यालये निघाली. पंढरपूरच्या मुलामुलींना त्यांतले सर्वांत सोयीचे म्हणजे सातारा जिल्ह्यातील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय. देशपातळीवरील भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा 1984 चा, तर नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 सालचे. प्रवेश नीट परीक्षेतून होतो, साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षांत पदवी पुरी होते. एवढी पार्श्वभूमी पुरे. खरा विषय गोठ्यात आहे.

गोठ्याची भाषा

गोठ्यात पाय ठेवल्यावर विद्यार्थ्याला जाणवणारी पहिली अडचण रोगाची नसून शब्दांची असते. त्याने स्तनदाह वाचलेला असतो, समोरचा गवळी ‘दगडी झालीय’ म्हणतो. पुस्तकातला तीन दिवसांचा ताप येथे ‘तिवा’ असतो. योनिभ्रंशाला ‘मायांग बाहेर आलं’ म्हणतात, आणि रेतन करूनही गर्भ न राहता जनावर पुन्हा माजावर आले तर ते ‘उलटले’ असते. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, फाशी ही नावे तर शासकीय लसीकरणाच्या पत्रकांनीही लोकांकडूनच उचललेली आहेत. हे शब्द अडाणीपणाचे लक्षण मानणारा विद्यार्थी फार पुढे जात नाही, कारण त्या शब्दांत निरीक्षण साठवलेले असते. ‘दगडी’ हा शब्द उच्चारणाऱ्याने कास हाताने चाचपलेली असते आणि तिचा कठीणपणा नोंदवलेला असतो. विद्यार्थ्याला अजून तेच करायचे असते.

रुग्ण मुका असल्यामुळे त्याची हकिकत मालकाकडून घ्यावी लागते, आणि ती घेण्याचीही एक रीत आहे. ‘काय झाले?’ या प्रश्नाला ‘वैरण खाईना’ हेच उत्तर येते, आणि त्याखाली शंभर रोग दडलेले असतात. म्हणून म्हैस कितव्या वेताची, व्याली कधी, वार पडली का, रवंथ करते का, शेण कसे टाकते, आंबवण बदलले का, असे एकेक विचारत जावे लागते. त्यानंतर शेपटीखालच्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजणे, डाव्या भुकेच्या खळग्यावर मूठ टेकवून दोन मिनिटांत पोटाच्या किती लाटा उठतात ते पाहणे, असे हाताचे काम सुरू होते.

लांब शिंगांची म्हैस

या हाताच्या विद्येची खरी परीक्षा पंढरपुरी म्हैस घेते. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत आढळणारी ही मध्यम बांध्याची जात तिच्या शिंगांवरून दुरूनही ओळखू येते : तलवारीसारखी लांब, मागे वळलेली ही शिंगे खांद्याच्या फऱ्यापलीकडे जातात, आणि काही म्हशींत ती पाठीला समांतर जात थेट माकडहाडापर्यंत पोहोचतात. निमुळता चेहरा, नाकाचे उंच हाड, काटक शरीर, कडब्यावरही टिकून राहण्याची ताकद आणि नियमित विण्याचा गुण यांमुळे दुष्काळी पट्ट्यातल्या गवळ्यांनी ती जपली. तिचा आणखी एक दुर्मीळ गुण म्हणजे दिवसातून अनेकदा, अनोळखी जागीही पान्हा सोडण्याची सवय. पान्हा सोडणे म्हणजे मेंदूतून सुटणाऱ्या संप्रेरकामुळे कासेत साठलेले दूध सडांत उतरणे. घाबरलेले जनावर तो चोरते. पंढरपुरी म्हैस मात्र भर रस्त्यात, गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहूनही धार देते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची जी रीत आहे, ती या गुणावरच उभी आहे. दिवाळी पाडव्याला कोल्हापूरचे गवळी याच म्हशींची शिंगे रंगवून, मोरपिसे लावून मिरवणूक काढतात, आणि तो सोहळा पाहिलेल्या माणसाला म्हशीला मठ्ठ म्हणण्याचे धाडस पुन्हा होत नाही.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र तिचा सर्वांत अवघड गुण म्हणजे मुका माज. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गायीवर चढते. म्हैस, विशेषतः उन्हाळ्यात, यातले फारसे काही दाखवत नाही. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे सोलापुरी उन्हाचा ताण तिला अधिक बसतो आणि माज आणखीच दबतो. अशा वेळी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गुदमार्गातून हात घालणे आणि आतड्याच्या भिंतीआडून गर्भाशय व बीजांडे चाचपणे हाच मार्ग उरतो. पहिले काही आठवडे विद्यार्थ्याच्या हाताला शेणाखेरीज काहीच लागत नाही, दंडाला कळा येतात, बोटे बधिर होतात. मग एखाद्या दिवशी गर्भाशयाचे मुख बोटांखाली कठीण कांडीसारखे लागते, त्यापुढे दोन शिंगांत विभागलेले गर्भाशय उलगडत जाते, आणि त्या दिवसापासून तो हात पूर्वीचा राहत नाही. हे ज्ञान कोणी सांगून देता येत नाही. शेजारी उभे असलेले ज्येष्ठ डॉक्टर फक्त ‘जरा डावीकडे, खाली’ एवढेच म्हणू शकतात.

पीळ

आंतरवासितेतल्या अनेक प्रसंगांपैकी एकावर येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण पशुवैद्यकाचे सारे कसब त्यात एकवटते. म्हशीचा गर्भकाळ सुमारे 310 दिवसांचा, गवळ्यांच्या हिशेबाने दहा महिने दहा दिवसांचा. दिवस भरत आलेली म्हैस कधी कधी अस्वस्थ होते, ऊठबस करते, पोटाकडे लाथ मारते, पण पाण्याची पिशवी काही दिसत नाही. गवळी रात्रभर वाट पाहून सकाळी दवाखाना गाठतो. अशा म्हशीत अनेकदा गर्भाशयाला पीळ पडलेला असतो, म्हणजे वासरासह गर्भाशय स्वतःभोवती फिरून त्याची वाट दोरीसारखी वळलेली असते. गायीपेक्षा म्हशीत हे अधिक घडते. प्रशस्त व खोल पोट, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या रुंद बंधांचा सैलपणा आणि जड देहाची ऊठबस ही कारणे त्यामागे धरली जातात. पोटाची डावी बाजू कोठीपोटाने, म्हणजे चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्याने, व्यापलेली असल्यामुळे भरलेले गर्भाशय उजवीकडे झुकते आणि पीळही बहुधा उजवाच पडतो.

पीळ आहे हे ओळखणे ही पहिली पायरी आणि तो कोणत्या दिशेचा हे ठरवणे ही दुसरी, आणि दुसरीत चूक झाली तर पहिलीचा उपयोग शून्य. योनिमार्गातून घातलेला हात सरळ न जाता मळसूत्रातून गेल्यासारखा वळत जातो, कडेला अस्तराच्या तिरप्या घड्या लागतात, आणि त्या घड्या कोणत्या बाजूला वळतात यावरून दिशा कळते. मग खात्रीसाठी गुदमार्गातून बंध चाचपतात : पीळ उजवा असेल तर डावा बंध गर्भाशयावरून ताणलेल्या पट्ट्यासारखा आडवा लागतो आणि उजवा खाली दडपलेला असतो.

यावरचा उपाय बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल असा आहे. पीळ उजवा असेल तर म्हशीला दोर बांधून हळूच उजव्या कुशीवर पाडतात, पुढचे दोन पाय एकत्र आणि मागचे दोन एकत्र बांधतात, वरच्या कुशीवर लांब फळी अशी ठेवतात की तिचे एक टोक जमिनीला टेकेल, आणि त्या फळीवर एक माणूस उभा राहतो. नंतर बाकीची माणसे पायांच्या दोराने म्हशीला पिळाच्याच दिशेने सावकाश गडगडवतात. पीळ ज्या बाजूचा त्याच बाजूला फिरवायचे, हे ऐकून प्रत्येक नवा विद्यार्थी गोंधळतो, कारण दोरीचा पीळ तर उलटा फिरवून सोडवतात. पण येथे गर्भाशय फिरवायचे नसते. फळीने ते जागीच दाबून धरायचे असते आणि म्हशीला त्याच्याभोवती फिरवून, पुढे गेलेल्या गर्भाशयाला देहाने गाठायचे असते. शेफर पद्धत या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती कागदावर दोन ओळींत संपते, पण गोठ्याबाहेरच्या अंगणात तिला सहा-सात माणसे, कडब्याच्या पेंढ्यांची गादी आणि एकाचाच हुकूम लागतो. पंढरपुरी म्हशीच्या बाबतीत आणखी एक माणूस केवळ डोक्यासाठी हवा, कारण हातभर लांब शिंग जमिनीत रुतले तर मान मुरगळते. तो माणूस बहुधा घरचा म्हातारा गवळी असतो, म्हशीला नावाने हाक मारत तिच्याबरोबर फिरत राहतो आणि विद्यार्थ्याच्या आधी त्यालाच कळते की आता ती सैलावली.

प्रत्येक वेढ्यानंतर हात घालून पाहायचे. घड्या तशाच असतील तर पुन्हा फिरवायचे. सुटल्या असतील तर हात एकदम मोकळ्या वाटेत जातो, बोटांना वासराचे खूर लागतात, आणि बऱ्याचदा अडलेले पाणी कोपरावरून वाहत खाली येते. पीळ पडून जितका वेळ गेलेला असेल तितकी वासराची आशा कमी, आणि दोन-चार वेढ्यांत तो सुटला नाही तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसते. आंतरवासितेच्या नोंदवहीत या साऱ्याची नोंद एवढीच होते : म्हैस, तिसरे वेत, उजवा पीळ, फळी लावून सोडवला.

बाजारातली शिंगे

म्हशीनंतर खिल्लाराकडे वळल्यावरही विषय शिंगांचाच राहतो. खिल्लार बैलाचे मोल त्याच्या पांढऱ्याशुभ्र रंगात, चपळाईत आणि कपाळापासून एकसारख्या वळणाने वर गेलेल्या जोडशिंगांत असते. ओढकामाच्या बैलांना होणारा शिंगाचा कर्करोग म्हणूनच दुहेरी घात करतो. शिंगाच्या आतल्या पोकळीच्या अस्तरात सुरू होणारा हा रोग आधी केवळ मान झटकणे, शिंग खांबाला घासणे, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त झिरपणे एवढ्याच खुणा दाखवतो. शिंग कलू लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. उपाय म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे मूळ यांच्या मधोमध, कपाळाच्या कडेखालून जाणाऱ्या मज्जातंतूजवळ भुलीचे इंजेक्शन देऊन शिंग मुळापासून काढणे. एकशिंगी बैलाला बाजारात भाव येत नाही, म्हणून मालक दिवस ढकलतो. वेळेवर शस्त्रक्रियेला त्याचे मन वळवणे हा सुरी चालवण्यापेक्षा अवघड भाग आहे, आणि त्याचे गुण कोणत्याही परीक्षेत मिळत नाहीत.

कार्तिकी यात्रेत वाखरीच्या पालखीतळावर भरणारा जनावरांचा बाजार हा म्हणून विद्यार्थ्यासाठी उघडा वर्गच असतो. जबडा उघडून दात पाहणारा शेतकरी आदत, दुसा, चौसा, जुळलेला अशा शब्दांत क्षणात वय सांगतो. दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करतात. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केल्यापासून धावणाऱ्या खोंडांची चौकशी पुन्हा वाढली आहे. याच गर्दीत रोगही हिंडतो. 2022 मध्ये माशा, डास व गोचिडांमार्फत पसरणाऱ्या लम्पी त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि गोठोगोठी शेळ्यांच्या देवीची लस टोचत फिरावे लागले. त्या काळातले विद्यार्थी साथरोगशास्त्र वर्गात कमी आणि वाड्यावस्त्यांवर अधिक शिकले.

पहिला चीक

गोठ्याकडून इतके घेतल्यावर विद्यार्थी त्याला काय देतो, हा प्रश्न उरतो. अडलेली म्हैस सुटली की गवळ्याच्या घरून खरवसासाठी चिकाचा तांब्या पुढे करण्याची जुनी चाल आहे, आणि त्याच वेळी रेडकू मात्र वार पडेपर्यंत तोंड न लावता बांधून ठेवण्याचीही चाल अनेक घरांत आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांत आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात पोहोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि रेडकाचे आतडे ती पहिल्या दिवसातच, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वाधिक, शोषून घेते. म्हणून पुढे केलेला तांब्या दोन्ही हातांनी परत करून, ‘बाबा, वारेची वाट पाहू नका, हा आधी रेडकाला पाजा, खरवसाचा तिसऱ्या दिवशी द्या’ असे जो विद्यार्थी त्या म्हाताऱ्याला त्याच्याच अंगणात, त्याच्याच शब्दांत सांगू शकतो, त्याची उमेदवारी त्या दिवशी पुरी झाली असे समजण्यास हरकत नाही, पदवीचा कागद नंतर सवडीने येतो.