बंद पडला, पण कसा?

जुनी यंत्रं, घरची दुरुस्ती : भाग 6

अलिबागच्या खारेपाटात जुलैची चिखलणी सुरू असताना ट्रॅक्टर बंद पडला, की बांधावर चार माणसं जमतात आणि चौघांची चार निदानं. एक म्हणतो नोझल गेले, दुसरा म्हणतो पंप उतरवा. पंप उतरवला की दोन दिवस गेलेच समजा, तोवर रोपं पिवळी पडायला लागतात. म्हणून पान्याला हात लावण्याआधी एकच विचारावं: बंद पडला, तो कसा पडला? झटक्यात, की भकभक करत, दम लागल्यासारखा?

मुंबईत साठच्या दशकात बनू लागलेला बी-275 घ्या किंवा त्याच्या पिढीतला दुसरा कुठलाही; डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेल फवारायचं, एवढाच खेळ. जुनं इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरी मेली तरी चालत राहतं. तेव्हा वायरी चाचपत बसू नका. दोष बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेवर असतो, नाहीतर हवेच्या.

आमच्या शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर वीस मिनिटं झकास चालायचा, मग आवाज खाली-वर व्हायचा आणि जीव सोडायचा. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. फिल्टर दोनदा बदलून झाले होते. मी टाकीचं झाकण सैल केलं तर ‘सुस्स’ आवाज आला. झाकणाला बारीक भोक असतं. जेवढं डिझेल खाली उतरेल तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. काकांच्या झाकणावर चिखल आणि डिझेल मिळून चिकट पुट बसलं होतं. टाकी आतून ओढ धरत होती, डिझेल उतरेना. शिलाई मशीनच्या सुईनं भोक उकरलं, काम झालं. सुई अजून त्यांच्याकडेच आहे.

सुस्स आवाज नाही आला तर टाकीच्या तळाकडे वळा. खाऱ्या हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतून दव धरते, पत्रा गंजतो, पापुद्रे सुटतात. चालू इंजिनाच्या ओढीनं ते तोटीच्या जाळीला चिकटतात. इंजिन थांबलं की खाली बसतात. म्हणजे लक्षण तेच, कारण वेगळं. फसायला होतं ते इथेच. कॉक बंद करून पाईप फीड पंपाकडून सोडवा, खाली बाटली धरा, झाकण उघडं ठेवून कॉक सोडा. धार सुरुवातीला जाड आणि मग करंगळीवरून दोऱ्यावर आली, तर टाकी उतरवून धुवायची. पाणी साचलंय का, ते सकाळी चावी लावण्याआधी बघायचं. डिझेलपेक्षा जड असल्यानं ते रात्रीत तळाशी बसलेलं असतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर दव धरायला जागाच उरत नाही.

पाईप सोडवला म्हणजे एअर धरणारच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हातानं मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. वाहतं असतानाच स्क्रू आवळायचा, थांबल्यावर नाही. तांब्याचे जुने वायसर परत घालू नका. दहा रुपये वाचवायला जाल आणि पुन्हा एअर काढत बसाल. इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूतूनही एअर अशीच काढायची. नोझलच्या नळीचा नट सैल करून इंजिन फिरवताना मात्र बोट तिथे नको. त्या दाबाची धार कातडीत घुसते.

काळा धूर ओकत, ओझ्याखाली दबून बंद पडत असेल तर हवेचा फिल्टर उघडा. भात निघाल्यावर कार्ले, खंडाळे, नेहुलीकडे पांढऱ्या कांद्यासाठी रानं नांगरतात, तेव्हा धुळीनं वाटीतल्या ऑईलचा गाळ होतो. वाटी डिझेलनं धुवा, नवं ऑईल खुणेपर्यंत घाला, वर नको. जास्तीचं ऑईल इंजिन ओढून घेतं.

राहिला गरम होऊन, करकरत बंद पडलेला. त्याला लगेच स्टार्टर मारायचा नाही, रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही. निवू द्या. त्याचं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात.